बाभळीचे गोत्र

महाराष्ट्राच्या पठारी भागात शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, उघड्या माळावर, जेथे पाहावे तेथे बाभूळ उभी असते. तिची काळसर, भेगाळलेली साल, पिसासारखी बारीक पाने, लांब पांढरे काटे आणि पिवळ्या गोंड्यासारखी फुले लहान मुलाच्याही ओळखीची असतात. नांगर, कुळव आणि गाडीची चाके यांसाठी तिचे चिवट लाकूड शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या वापरले. तिच्या शेंगांवर शेळ्या पोसल्या, सालीने कातडी कमावली गेली, आणि तिचा डिंक घरोघरच्या लाडवांत पडला. अशा या घरच्या झाडाचे मराठी नाव शतकानुशतके तेच राहिले. परंतु शास्त्राच्या दरबारात मात्र तिला आपले नाव एकदा नव्हे, अनेकदा बदलावे लागले. यांतील शेवटचा बदल तर एवढा गाजला, की त्यासाठी जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांत कित्येक वर्षे वाद चालला.

शास्त्रात प्रत्येक वनस्पतीचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव शेवटी येते, येथे ते आधी येते, एवढाच फरक. एका आडनावाची माणसे एका घराण्यातील असावीत अशी आपली अपेक्षा असते, तशीच एका प्रजातीत घातलेल्या वनस्पती एकाच पूर्वजापासून उतरलेल्या असाव्यात, अशी आजच्या शास्त्राची अपेक्षा आहे. मात्र नाव ठेवणाऱ्या पहिल्या विद्वानांपुढे कोणतीही वंशावळ नव्हती. त्यांच्यापुढे होत्या फक्त वाळवलेल्या फांद्या, फुले आणि शेंगा. जे सारखे दिसले ते त्यांनी एकत्र ठेवले.

स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५३ साली बाभळीला ‘मायमोसा निलोटिका’ असे नाव दिले. मायमोसा ही लाजाळूची प्रजाती. म्हणजे त्याच्या हिशेबी उंच वाढणारी बाभूळ आणि स्पर्श होताच पाने मिटणारे लाजाळूचे झुडूप ही एकाच घरची लेकरे होती. निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची. कारण युरोपातील लोकांना हे झाड मिसर देशातून परिचित झाले होते. दुसऱ्याच वर्षी, १७५४ साली, फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने ‘अकेशिया’ ही प्रजाती वेगळी केली. हे नाव त्याने स्वतः रचलेले नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरायडीझ याने मिसरमधील एका काटेरी औषधी झाडाला तेच नाव दिले होते. पुढे बाभूळ ‘अकेशिया निलोटिका’ झाली. काही ग्रंथांत तिला ‘अकेशिया अरेबिका’ असेही म्हटले जाई. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ती याच दुसऱ्या नावाने आढळते.

अकेशियाचे घर मग झपाट्याने भरू लागले. आफ्रिका, भारत, अमेरिका आणि विशेषतः ऑस्ट्रेलिया येथून जहाजांतून येणारे नवे नवे नमुने विद्वानांच्या टेबलावर पडत. त्यांची व्यवस्था लावण्याचे कष्टाचे काम जॉर्ज बेंथॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने केले. १८४२ साली त्याने या घराची हद्द ठरवली, आणि १८७५ साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याची मुख्य खूण सोपी होती. फुलात पुंकेसर पुष्कळ असावेत, आणि ते एकमेकांपासून सुटे असावेत. बाभळीच्या फुलाचा पिवळा गोंडा भिंगाखाली धरला, तर तो एका फुलाचा नसून अनेक इवल्या फुलांचा झुबका असल्याचे दिसते, आणि प्रत्येक इवल्या फुलातून सुट्या केसरांचा जुडगा बाहेर आलेला असतो. याउलट शिरिषाच्या फुलात हेच केसर तळाशी जुळून त्यांची एक नळी झालेली असते. म्हणून बेंथॅमने शिरीष बाहेर ठेवला आणि बाभूळ आत घेतली. तिच्याबरोबर काथ देणारा खैर, केस धुण्याची शिकेकाई, पांढऱ्या सालीची हिवर आणि ऑस्ट्रेलियातील शेकडो झाडेही आत आली. पुढे ही संख्या तेराशेच्याही वर गेली. एका प्रजातीत एवढ्या जाती म्हणजे आडनाव एक पण गावे अनेक, असाच प्रकार होता.

या घरातील माणसे खरोखर एकमेकांची नातलग होती काय? शंका येण्यास जागा होती, आणि ती जागा काट्यांनीच दाखवून दिली.

काटा म्हणजे काटा, असे सामान्य माणूस म्हणतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र तो कशाचा झाला आहे, असे विचारतो. लिंबूच्या झाडाचा काटा ही वाढ खुंटलेली फांदी असते. गुलाबाचा काटा सालीच्या वरच्या थरातून उगवतो, म्हणून बोटाने बाजूला रेटताच तो सहज निघून येतो. बाभळीचा काटा या दोहोंहून वेगळा आहे. पुष्कळ झाडांच्या पानांच्या देठाशी दोन्ही बाजूंना लहान पानासारखे दोन अवयव असतात. त्यांना उपपर्णे म्हणतात. बाभळीत ही उपपर्णेच कठीण होऊन टोकदार झालेली असतात. म्हणून तिचे काटे नेहमी जोडीने, पानाच्या तळाशी आणि बहुधा सरळ असतात. खैराचेही काटे जोडीने येतात. परंतु ते आखूड आणि आकड्यासारखे वाकडे असून सालीवर उगवलेले असतात. शिकेकाईच्या वेलीवर तर असे आकडे कोठेही विखुरलेले असतात, आणि त्यांच्याच आधाराने ती दुसऱ्या झाडांवर चढते. तिची फुले बाभळीसारखी गोल गोंड्यात येतात, हे खरे. पण खैराची फुले कणसासारख्या लांब तुऱ्यात येतात. फुलांकडे पाहिले तर शिकेकाई बाभळीची बहीण वाटते, आणि काट्यांकडे पाहिले तर खैराची. कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा?

ऑस्ट्रेलियातील झाडांची गोष्ट आणखीनच निराळी होती. त्यांतील बहुतेकांना काटे नसतात, आणि पुष्कळांना खरी पानेही नसतात! जे पान म्हणून दिसते, तो पसरट झालेला देठ असतो. याचा पुरावा भारतातही पाहावयास मिळतो. कोकणात रस्त्यांच्या कडेला आणि उजाड टेकड्यांवर जी ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ पुष्कळ ठिकाणी लावलेली आहे, तिची पाने कोयत्यासारखी वाकडी व अखंड असतात. परंतु तिचे बी रुजवून पाहिले, तर रोपाला पहिली काही पाने बाभळीसारखी बारीक दलांची येतात. मग हळूहळू देठ रुंद होत जातो, दले नाहीशी होतात, आणि शेवटी केवळ देठच पानाचे काम करू लागतो. मोठे झाड जे लपवते, ते रोप काही दिवस उघड करून दाखवते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही याच दिशेने बोट दाखवीत होत्या. या झाडांचे परागकण सुटे नसतात. ते बहुधा सोळा-सोळाच्या पुडक्यांनी एकत्र बांधलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांचे कवच पाहिले असता बाभळीच्या गटात छिद्रांबरोबर खाचा दिसतात, तर खैराच्या व ऑस्ट्रेलियातील गटांत तशा खाचा नसून केवळ छिद्रे असतात. गिने या फ्रेंच परागतज्ज्ञाचा या विषयावरील ग्रंथ १९६९ साली पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने प्रसिद्ध केला. असे पुरावे जमा होत गेले, आणि १९८६ साली ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली पेडली यांनी स्पष्ट सुचवले, की अकेशिया हे एक घर नसून तीन घरे आहेत: बाभळीचे, खैराचे आणि ऑस्ट्रेलियातील झाडांचे. बहुतेकांनी ही सूचना तेव्हा मानली नाही. बाह्य खुणांवरून केलेले अनुमान कितीही चांगले असले, तरी दुसरा विद्वान दुसऱ्या खुणा पुढे करून ते नाकारू शकतो.

हा वाद मिटवण्यास एक नवा साक्षीदार लागला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचे द्रव्य असते. त्याच्या लांबच लांब साखळीत चार प्रकारचे दुवे एकामागून एक निरनिराळ्या क्रमाने गुंफलेले असतात, आणि त्या क्रमातच सजीवाच्या घडणीची आज्ञा लिहिलेली असते. बीज तयार होताना या लेखाची नक्कल पुढच्या पिढीला मिळते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि मग तो बदल पुढच्या सर्व पिढ्यांत उतरतो.

हे समजण्यास जुन्या पोथ्यांचे उदाहरण उपयोगी पडेल. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ हाताने उतरवून घेत. एका लेखकाच्या हातून एखादा शब्द चुकला, की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सर्व पोथ्यांत ती चूक शिरे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद वाढल्यामुळेच एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. आज एखाद्या अभ्यासकापुढे वीस पोथ्या ठेवल्या, आणि त्यांतील पाचांतच एक विशिष्ट चूक आढळली, तर तो सांगू शकतो की या पाच पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात. पोथीचा कागद कोणता, बांधणी कशी, शाई लाल की काळी, हे त्याला फसवू शकते. एकाच बाजारातील कागद दोन निराळ्या पोथ्यांना लागलेला असू शकतो. पण एकसारख्या अनेक चुका दोन ठिकाणी योगायोगाने होणे फार कठीण. वनस्पतींचा वंशवृक्ष डीएनएवरून काढतात तो याच युक्तीने. ज्या जातींत तेच बदल समान आढळतात, त्या एका फांदीवर. ज्यांत नाहीत, त्या दुसऱ्या फांदीवर.

२००१ साली ऑस्ट्रेलियात संशोधन करणारे जोसेफ मिलर (अकेशिया हे नाव देणाऱ्या मिलरहून हे अर्थातच निराळे) आणि रँडल बेयर यांनी पानांतील हरितकणांच्या डीएनएचा काही भाग निरनिराळ्या जातींत वाचून त्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच्या व नंतरच्या अशा अनेक अभ्यासांतून एकच चित्र उभे राहिले. बाभळीचा गट एका फांदीवर, खैराचा गट दुसऱ्या फांदीवर, आणि ऑस्ट्रेलियातील झाडांचा गट तिसऱ्या. शिवाय अमेरिकेतील काही जातींचे दोन लहान गट आणखी वेगळे निघाले. सर्वांत मोठे आश्चर्य पुढेच होते. ऑस्ट्रेलियातील ही झाडे बाभळीपेक्षा शिरिषाच्या गणगोताला अधिक जवळची ठरली! ज्या शिरिषाला बेंथॅमने जुळलेल्या केसरांमुळे दाराबाहेर उभे केले होते, त्याचेच नातलग घरात बसलेले होते. सुटे केसर ही खूण वंशाची साक्ष देत नव्हती.

म्हणजे रूपाचा अभ्यास व्यर्थ ठरला काय? मुळीच नाही. वंशवृक्ष हाती आल्यावर जुन्या खुणा पुन्हा तपासल्या गेल्या, आणि कोणती खूण भरवशाची व कोणती फसवी, हे प्रथमच नीट कळले. काटा उपपर्णाचा की सालीचा, आणि परागाला खाच आहे की नाही, या खुणा डीएनएशी जुळल्या. फुलांचा गोंडा की तुरा ही खूण डळमळीत निघाली. शिकेकाई खैराच्या बाजूची ठरली. तिच्या आकड्यांनी खरे सांगितले होते, गोंड्यांनी नव्हे. रानात हिंडणाऱ्या माणसाजवळ काही प्रयोगशाळा नसते. त्याला झाड ओळखायचे ते डोळ्यांनी आणि बोटांनीच. आता कोठे पाहावे, हे त्याला ठाऊक झाले.

घरे वेगळी झाली, हे सर्वांना मान्य करावे लागले. पण जुने आडनाव कोणाकडे राहावे? येथून वादाला खरे तोंड फुटले. नाते कोणाचे कोणाशी, हे निसर्ग ठरवतो. नाव कोणाला, हे माणसे ठरवतात, आणि माणसांनी त्यासाठी नियम केले आहेत. नियम असा, की प्रत्येक प्रजातीचे नाव तिच्या एका ठराविक जातीशी बांधलेले असते. घर फुटले, तर ती जाती ज्या बाजूला जाईल, तिकडे नाव जाते. अकेशिया हे नाव बांधलेले होते बाभळीशी. म्हणजे नियमाप्रमाणे नाव बाभळीचे. ऑस्ट्रेलियातील झाडांनी ‘रॅकोस्पर्मा’ हे दुसरे नाव घ्यावयाचे.

परंतु ऑस्ट्रेलियाच्या गटात सुमारे एक हजार जाती होत्या, आणि बाभळीच्या गटात दीडशेच्या थोड्या वर. हजार नावे बदलावीत की दीडशे? शिवाय ऑस्ट्रेलियाचा या झाडांवर विलक्षण जीव. तेथे त्यांना ‘वॅटल’ म्हणतात. सोनेरी वॅटल हे १९८८ पासून त्या देशाचे अधिकृत राष्ट्रीय पुष्प आहे, आणि तेथील खेळाडूंच्या पोशाखातील हिरव्या व सोनेरी रंगांचे नाते याच झाडाशी जोडले जाते. २००३ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला, की अपवाद करावा आणि हे नाव बाभळीपासून सोडवून एका ऑस्ट्रेलियन जातीशी बांधावे. आफ्रिकेतील शास्त्रज्ञांना हे मुळीच रुचले नाही. तेथील गवताळ प्रदेशात छत्रीसारखी पसरलेली काटेरी झाडे ही त्या खंडाची ओळखच आहे, आणि अकेशिया हे नाव मुळात आफ्रिकेच्याच झाडावरून पडले होते.

२००५ साली व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत हा प्रश्न मतास पडला. समितीने प्रस्तावाला आधीच अनुकूलता दर्शवली होती, आणि समितीचा निर्णय फिरवण्यास ६० टक्के मते लागतील असे ठरले होते. निम्म्याहून अधिक मते निर्णयाविरुद्ध पडली. पण ती ६० टक्के भरली नाहीत. अधिक मते मिळवूनही एक पक्ष हरला, म्हणून पुष्कळांच्या मनात कटुता राहिली, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. पुढील परिषद २०११ साली ऑस्ट्रेलियातच, मेलबर्न येथे भरली. तेथे पुन्हा चर्चा झाली, मधला मार्ग काढण्याच्या सूचनाही आल्या. पण त्या फेटाळल्या गेल्या आणि आधीचा निर्णय कायम झाला.

बाभळीला मग नवे आडनाव शोधण्याची गरज पडली नाही. तिच्या गटासाठी एक जुने नाव तयारच होते. मद्रासकडे दीर्घकाळ काम केलेले रॉबर्ट वाइट आणि त्यांचे सहकारी वॉकर आर्नट यांनी १८३४ साली भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील ग्रंथात देवबाभळीसाठी ‘व्हॅचेलिया’ ही प्रजाती सुचवली होती. मकाव येथील इंग्रज वखारीचे धर्मोपदेशक आणि वनस्पतींचे संग्राहक व्हॅचेल यांच्यावरून ते नाव पडले. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. आता बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली, आणि हिवरही त्याच घरात गेली. खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला; शिकेकाईही सेनेगालियाच. हे नावही १८३८ सालचे, आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या डिंकाच्या झाडावरून पडलेले. कोकणातील रस्त्याकडेची ती परदेशी पाहुणी मात्र आजही अकेशियाच आहे. बाभूळ अकेशिया नाही, आणि जिला बाभळीसारखी पानेही नाहीत ती अकेशिया! बाजारात, वनखात्याच्या जुन्या कागदांत आणि औषधांच्या पुस्तकांत जुनी नावे अद्याप आढळतात. शास्त्र ती पुसून टाकीत नाही. नव्या नावाखाली जुनी नावे नोंदलेली असतात, म्हणून कुकच्या ग्रंथातील अरेबिका आणि आजची व्हॅचेलिया ही एकच बाभूळ होय, हे शोधणाऱ्याला कळते.

हा सारा खटाटोप केवळ पाट्या बदलण्यासाठी नव्हता. दक्षिण आफ्रिकेत ऑस्ट्रेलियाहून नेलेल्या वॅटल वृक्षांनी नद्यांची खोरी व्यापून तेथील मूळच्या वनस्पतींना जागा उरू दिली नाही. त्यांना आवर घालण्यासाठी ऑस्ट्रेलियातूनच काही कीटक आणून सोडण्यात आले. असा कीटक आणताना पहिला प्रश्न असा, की तो तेथील काटेरी झाडांवरही तुटून पडेल काय? आधी परीक्षा घ्यावीच लागते. पण कोणत्या झाडांवर अधिक काळजीने घ्यावी, हे नात्यावरून ठरते. दोन्ही झाडांचे नाव अकेशिया असले, तरी ती जवळची भावंडे नाहीत, ही माहिती तेथे मोलाची आहे.

शेंगांच्या या मोठ्या कुलातील घरांची फेरतपासणी अजून चालूच आहे. दसऱ्याला जिचे पूजन होते ती शमी, आणि दुष्काळी भागात काटेरी रान माजवणारी, मूळची अमेरिकेची वेडी बाभूळ, या दोघी ‘प्रोसोपिस’ या एकाच प्रजातीत गणल्या जात. २०२२ साली डीएनए आणि बाह्य खुणा यांच्या आधारे ते घरही वेगळे करण्यात आले. या खेपेला नाव शमीशी बांधलेले होते आणि ते तिच्याकडेच राहिले. वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’ या प्रजातीत गेली.